गिअरच्या दांडीवरचा हात

अण्णा गिअरची दांडी कधी धरायचे नाहीत. डावा तळहात तिच्यावर नुसता टेकवून ठेवायचे, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणायचे, "स्वल्प थांबा." हे मला सांगणं की गाडीला, ते मला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसलेली मी मात्र गुपचूप थांबायची.

तुम्ही बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर कधी बसला असाल, तर गिअर बदलतानाचे हिसके तुमच्या मानेला ठाऊक असतील. अण्णांच्या गाडीत गिअर बदलला हे कळायला इंजिनाच्या आवाजाकडे कान लावावा लागायचा. ते आमच्या संशोधन केंद्रातले टेस्ट ड्रायव्हर. केंद्र देवनहळ्ळीच्या अलीकडे. बस आणि ट्रकसाठी नवे गिअरबॉक्स बनवायचे आणि त्यांनी डिझेल किती वाचतं ते मोजायचं, हे आमचं काम. मी पुण्याहून आलेली नवीकोरी इंजिनिअर. राहायला सर्जापूर रोडला. रोज कॅबमधून शहर उभं कापत जायची आणि वाटेत बेंगळुरूला नावं ठेवायची.

पहिले काही दिवस आम्ही हिंदीत बोलत होतो. एकदा चाचणी थांबलेली असताना मी गाडीतूनच आईला फोन लावला आणि मनसोक्त तक्रार केली. "अगं, इथला एक म्हातारा ड्रायव्हर आहे, मला गाडीत हलूसुद्धा देत नाही." फोन ठेवला. अण्णा समोरची काच पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "अक्का, म्हाताऱ्याला मराठी येतं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्यांचं घर शहरातल्याच बनशंकरीला, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. "आमची माणसं इथं येऊन चारशे वर्षं झाली की. तुम्ही कधी आलात?"

"चार महिने झाले."

"सरी, बरं. मग इथल्या ट्रॅफिकची तक्रार आमच्याकडे करायची. आईला कशाला त्रास?"

त्यांच्या निम्म्या वयाच्या मला ते अक्का म्हणायचे आणि मी त्यांना अण्णा. दोघांपैकी कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

चाचणीची रीत साधी होती. वाळूची पोती भरलेली बस घ्यायची, तिला वेगळ्या डब्यातून डिझेल द्यायचं, ठरलेली फेरी मारून यायचं आणि डबा पुन्हा वजनकाट्यावर ठेवायचा. जेवढं वजन कमी भरेल तेवढं डिझेल जळलं. अण्णांच्या पहिल्या तीन फेऱ्यांना काटा जवळपास तोच आकडा दाखवत राहिला. काटा अडकलाय असं समजून मी तो दुरुस्तीला पाठवला. काटा ठणठणीत निघाला.

चाचणीच्या दिवशी ते जेवणाचा डबा गेटवर ठेवून यायचे. "डबा गाडीत नको. वजन होतं." मागे पोत्यांची थप्पी लागलेली, तिथे चित्रान्नाच्या एका डब्यानं काय फरक पडणार? पण नाही. एकदा मी खिशातून दोन चॉकलेटं काढली, तर माझ्याकडे असं बघितलं की मी उतरून तीही गेटवर ठेवून आले.

आता माझ्या गिअरबॉक्सबद्दल सांगायला हवं. माझा म्हणजे आमच्या गटाचा, पण मी त्याला माझाच म्हणायची. त्यात गिअर ड्रायव्हर बदलत नाही, संगणक बदलतो. मी येण्याआधीपासून दोन वर्षं खपून गटानं तो उभा केला होता. साहेबांनी बजावलं होतं, की हाती गिअर टाकायच्या साध्या बसपेक्षा यानं डिझेल वाचवलं तर प्रकल्प पुढे, नाहीतर वर्षाअखेरीस बंद. दोन्ही बस चालवणार अण्णा, कारण त्यांच्याइतका एकसारखा पाय कुणाचा नव्हता.

आणि माझा गिअरबॉक्स हरला. एकदा नाही, आठवडाभर रोज हरला. साध्या बसमध्ये अण्णा कमी डिझेल जाळायचे आणि माझ्या बसमध्ये जास्त.

साहेब म्हणाले, "त्यांना सांग, साधी बस जरा साधारण ड्रायव्हरसारखी चालवा." आज हे लिहिताना लाज वाटते, पण मी सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चूक कुठं करायची ते सांगा अक्का. चढावर करू की सिग्नलला?" मी म्हटलं, चढावर. ते निघाले, चढ आला, हात दांडीवर टेकला, मी जीव मुठीत धरून बसले, आणि गाडी चढ नेहमीसारखीच अलगद चढून गेली. उतरल्यावर ते ओशाळले होते. "नाही जमलं. वाईट चालवायला दुसरा माणूस घ्या. आपल्या गावात भरपूर आहेत."

दुसरा माणूस मिळाला. तो चारचौघांसारखा चालवायचा, आणि त्याच्याशी तुलना करताच माझा गिअरबॉक्स दणदणीत जिंकला. साहेब खूश झाले. मी अहवाल लिहायला घेतला. दुपारी अण्णा चहाचा पेला घेऊन माझ्या टेबलाशी आले. दोन्ही आकडे त्यांनी लांबूनच वाचले.

"मग हा गिअरबॉक्स आता चांगला झाला?"

"झाला की."

"कालच्यापेक्षा यात काय बदललं?"

काहीच बदललं नव्हतं. बदलला होता फक्त ड्रायव्हर. अण्णा रागावले नव्हते, टोमणाही मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी लॅपटॉप मिटला. साहेबांकडे जाऊन तीन आठवडे मागून घेतले आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. तोवर मी त्यांच्या शेजारी बसून लॅपटॉपकडे बघत आले होते. आता त्यांच्याकडे बघायला लागले.

रेल्वेच्या पुलावरचा चढ छोटा आहे. तिथे गाडी थोडी दबायची, वेग पडायचा. दबली रे दबली की माझा संगणक घाबरून खालचा गिअर टाकायचा, इंजिन ओरडायचं, डिझेल ओतायचं. तोवर चढ संपायचा आणि संगणक पुन्हा वरचा गिअर टाकायचा. अण्णा काहीच करायचे नाहीत. तळहात टेकवायचा, "स्वल्प थांबा" म्हणायचं आणि गाडीला त्याच गिअरात ओढू द्यायचं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर फिरतानाही दमदार ओढतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या ओढण्यावर विश्वास ठेवून हात आवरायचा असतो, हे मात्र अण्णांकडे बघून कळलं.

"पण किती थांबायचं, ते तुम्हाला कसं कळतं?"

"ती सांगते. मुंग्या आल्यासारखं होतं हाताला. तसं झालं की मग गिअर टाकायचा. त्याच्या आधी बेडा, नको."

त्या मुंग्या मोजायला आम्ही दांडीवर कंपनं टिपणारं यंत्र बसवलं. अण्णांनी न कुरकुरता तोच चढ शेकडो वेळा चढून दाखवला. शेवटी न राहवून मी विचारलं, "अण्णा, हे संगणकाला जमलं तर ड्रायव्हरच्या हाताला काम उरणार नाही. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

त्यांनी हँडब्रेक ओढून गाडी उभी केली. मग म्हणाले, "माझा मुलगा तुमच्याच सर्जापूर रोडला कंप्युटरवर बसतो. चांगला आहे, पण गाडी नाही शिकला. हे सगळं मी कुठं तरी ठेवायला पाहिजे होतं की."

संगणकानं किती थांबायचं, त्याचा एक आकडा आम्ही प्रोग्रॅममध्ये घातला. अशा प्रत्येक आकड्याला नाव द्यावं लागतं. मी त्याला 'अण्णा' असं नाव दिलं. साहेबांनी बदलायला सांगितलं, मी बदललं नाही. अण्णांना दाखवलं तेव्हा चष्मा लावून त्यांनी ती ओळ पडद्यावर दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "बायकोला सांगितलं तर चालेल?"

शेवटच्या चाचणीला माझी बस त्यांनीच चालवली. त्या बसमध्ये दांडीच नव्हती. डावा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता. पुलाचा चढ आला, गाडी दबली, आणि थांबली. म्हणजे त्याच गिअरात ओढत राहिली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते वाऱ्यानं की कशानं, ते मी विचारलं नाही. परत येऊन डबा काट्यावर ठेवला. आकडा अण्णांच्या साध्या बसच्या आकड्याला जाऊन मिळाला होता. साहेब जरा हिरमुसले. "म्हणजे बरोबरीच झाली."

"बरोबरी कुणाशी ते बघा ना सर," मी म्हणाले. "आता जो कुणी ही बस चालवेल तो अण्णांसारखी चालवेल." अहवालातही मी हेच लिहिलं. प्रकल्प बंद झाला नाही. आजवर मी पुष्कळ अहवाल लिहिले, पण कुणी विचारलं तर हाच दाखवते.

त्यानंतर वर्षभरात अण्णा निवृत्त झाले. पुढे काही वर्षांत आमच्या गिअरबॉक्सच्या बस शहरात धावू लागल्या. गेल्या महिन्यात अण्णा गेले. तेराव्याला मी बनशंकरीला निघाले होते. कॅब मिळेना म्हणून बस पकडली आणि सवयीनं ड्रायव्हरच्या मागे बसले. त्याच्या डाव्या हाताशी दांडी नव्हती, म्हणजे ही आमच्या गिअरबॉक्सची बस. वाटेत एक चढ लागला. गाडी दबली आणि तशीच ओढत वर गेली. माझा डावा हात मांडीवर उताणा झाला होता.

उतरताना मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये ड्रायव्हरला म्हटलं, "छान चालवता." तो तिशीतला हसरा माणूस. म्हणाला, "मी काही करत नाही हो, गाडीच करते सगळं."

"गाडी नाही," मी म्हणाले. "अण्णा."

इथं कुणालाही अण्णा म्हणतात; आपल्यालाच म्हटलं असं समजून तो हसला आणि बस घेऊन निघून गेला. मी अण्णांच्या घराकडे चालू लागले. त्यांच्या बायकोला हे आधी सांगायचं होतं.