भरून दिलेला लॅपटॉप

वेतूरिया मोकानूचं उभं आयुष्य रोमानियातल्या ब्रायला शहराच्या ट्रामवर तिकिटं तपासण्यात गेलं. फुकट्या प्रवासी ती पाठमोरा ओळखायची. अशा बाईची कुणी लूट करील म्हटलं असतं, तर इमारतीतला अख्खा जिना, सगळे शेजारी, हसला असता. तशी लूट कुणी केलीही नाही. तिनेच आपण होऊन सगळं ताटात वाढून दिलं.

नवरा पाम्फिल गेला. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या नावाने पोमाना द्यायचं आलं. इथे दिलेलं दान तिकडे त्याला पोचतं. कोट गेला, बूट गेले, राहिला दोघं मिळून वापरायचे तो लॅपटॉप. पुरुषाची वस्तू घेणारा पुरुषच हवा, म्हणून समोरच्या दारातला निकानोर ठरला. हा पाम्फिलचा सोंगट्यांतला जोडीदार, आणि जिन्याचं चालतंबोलतं वर्तमानपत्र.

स्पेनमधल्या झारागोझाहून लेकीने, इलिंकाने, फोनवर बजावलं होतं, "आई, देण्याआधी तो पार पुसून टाक. कारखान्यातून आला तसा कोरा कर. तुझी बँक, तुझा मेल, सगळं त्यात उघडं पडलंय."

"कोरा? रिकामं भांडं पोमानाला देतात का गं? तुझ्या बापाला वर काय पोचेल, नुसतं झाकण?"

दिला तिने भरलेलाच. वर मेणबत्ती, बाजूला गोड पाव, आणि घेणाऱ्याचं अडायला नको म्हणून झाकणावर पासवर्डची चिठ्ठी. "देव त्याला क्षमा करो," म्हणत निकानोरने तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. "वहिनी, साखर फार वाढलीय हो तुमची. आणि तो लाल कोट मागवलात ना, तो दंडात घट्ट होणार."

वेतूरियाच्या हातातली पिशवी निसटली. संध्याकाळपर्यंत तिची साखर सगळ्या जिन्याला तोंडपाठ होणार होती. आणि पेन्शनचं खातं? तेही त्यातच! ती तशीच त्याच्या स्वयंपाकघरात शिरली.

"भाऊजी, लॅपटॉप इकडे द्या."

"दिलेलं पोमाना परत? पाम्फिलच्या हातातून ओढून घेणार?"

हे मात्र खरं होतं. ती खुर्चीत बसली. "मग तुम्ही तरी पुसा."

"मुळीच नाही. त्याने मुलीला लिहिलंय, निकानोर फासे लबाडीने टाकतो. बदनामीचा पुरावा आहे तो!"

वेतूरियाची नजर फळीवर गेली. तिथे तिचंच पातेलं होतं, चकचकीत. पाम्फिलच्याच नावाने तिने त्यातून कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा दिला होता.

"हे मी भरून दिलं होतं ना? खाल्लंत. मग काय केलंत?"

"घासलं. दुसरं काय करणार?"

"का? ठेवायचं होतं तसंच, मित्राची आठवण म्हणून!"

"वहिनी, वास मारला असता हो."

"मग हाही घासा. मी रिकामं दिलं नाही, तुम्ही खरकटं ठेवू नका."

निकानोरने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

मग झारागोझाहून इलिंका फोनवर सांगत गेली आणि वेतूरिया करत गेली. आधी स्वतःच्या फोनवरून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदलला, लॅपटॉपवरच्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडली, पाम्फिलचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. शेवटी 'सगळं काढून टाका'. नक्की का, असं यंत्राने विचारलं. तिचं बोट हवेतच थांबलं.

"पाम्फिल, पोचलं ना रे सगळं?" असं पुटपुटून तिने बटण दाबलं.

यंत्र बराच वेळ घुरघुरत बसलं, तोवर दोघांनी उरलेला गोड पाव संपवला. मग कोरा करकरीत पडदा उजळला आणि त्याने मालकाचं नाव विचारलं. निकानोरने एका बोटाने सावकाश लिहिलं: पाम्फिल.

"हे काय, भाऊजी?"

"दान त्याच्या नावाचं आहे ना? आणि यावर सोंगट्या खेळायला बसलो की समोर त्या लबाडाचं नाव तरी दिसेल."

वेतूरियाने रुमाल काढला आणि नाक जरा जास्तच जोरात शिंकरलं. "बरं. पासवर्ड काय ठेवताय?"

निकानोरने पडदा झटकन आपल्याकडे वळवला.

"तोंड तिकडे करा, वहिनी. एवढंही कळत नाही तुम्हाला?"