देवदत्तची पोवळी

माझा धाकटा भाऊ देवदत्त बँकेतून निवृत्त झाला आणि जबलपुरात, घरातल्या काचेच्या टाकीत समुद्र पाळू लागला. त्यातल्या पोवळ्यांना रोज कॅल्शियम आणि सोड्याचं पाणी लागतं, तेही एकमेकांपासून तासाच्या अंतरानं. एकदम ओतलं तर टाकीत नुसता खडू.

परवा भाचीच्या लग्नाला नागपूरला निघालो, मुहूर्त संध्याकाळचा. शहराबाहेरच्या तिलवारा पुलावर हा म्हणतो, "ताई, शेजारच्या दीप्तीला दोन्हींच्या मध्ये तासभर थांबायचं सांगायचं राहिलं." तिचा फोन लागेना. गाडी वळवली.

दीप्तीनं टाकीत अजून काहीच घातलं नव्हतं. "काहून परत आले, भैया?"

त्यानं स्वतः कॅल्शियम घातलं आणि खुर्ची ओढली.

"चल की. सोडा दीप्ती घालेल."

"घाईत चुकेल ती."

तिकडे अक्षता पडल्या तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर, सिवनीत होतो.