अठ्ठेचाळीस नंबरची वाटी

कल्पना करा, तुमच्या पुढ्यात स्टीलची एक पालथी अर्धगोल वाटी आहे आणि तिच्या अंगभर किसणीसारखे दात आहेत. खुबा बदलताना सर्जन ही वाटी ड्रिलला लावतात आणि कमरेच्या हाडातली खोबण कोरतात, म्हणजे नव्या खुब्याचा कप तिथे घट्ट बसतो. चव्वेचाळीसपासून बासष्टपर्यंत, दोन-दोन मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या अशा दहा वाट्या असतात. प्रत्येक दातामागे एक भोक आणि भोकात हाडाचा चुरा. एकही कण मागे न ठेवता त्या तुम्हाला साफ करायच्या आहेत. घाई अजिबात करायची नाही, आणि दोन वाजता पुढचं ऑपरेशन आहे.

हे काम मामा बावीस वर्षं करत होते. हॉस्पिटलात सगळेच त्यांना मामा म्हणत. डॉक्टर म्हणत, आणि त्यांच्याहून वयाने मोठा लिफ्टवालाही म्हणे. त्यांची खोली तळमजल्याच्याही खाली होती. दोन खोल सिंक, भिंगाचा दिवा, वाफेवर हत्यारं शिजवून निर्जंतुक करणारं मशीन आणि ट्रे गुंडाळायचं टेबल. टेबलाखाली पांढऱ्या प्लास्टिकचा एक ठोकळा असे. वापरून आलेली प्रत्येक वाटी धुण्याआधी मामा त्या ठोकळ्यावर दाबून फिरवत. दात रुतले तर धार आहे, निसटले तर गेली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बोथट वाटी हाड कापत नाही, नुसती घासते. मग जोर लावावा लागतो, हाड तापतं, खोबण वाकडी होते आणि कप पक्का बसत नाही, एवढं त्यांनी वर्षानुवर्षं कान उघडे ठेवून गोळा केलं होतं.

अठ्ठेचाळीस नंबरची वाटी दोन महिन्यांपासून निसटत होती. मामांनी ते लपवलं नव्हतं. ट्रे दोन कापडांत गुंडाळल्यावर वरून जी चिकटपट्टी लागते, तिच्यावर ते दर वेळी निळ्या पेनने लिहीत : ‘४८ बोथट’. वरून उत्तर येत नसे. सर्जनसाहेबांनी वाचलं असेल, चालत असेल, असं धरून ते पुढच्या ट्रेला लागत.

एका बुधवारी सकाळी दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनची यादी खाली आली. तिसरं नाव त्यांच्या बायकोचं होतं. ती आठ महिने या तारखेची वाट बघत होती, जिना एकेक पायरी चढत होती, कूस बदलताना उशीला शिव्या देत होती. नावापुढे लिहिलं होतं : उजवा खुबा, कपचा अंदाज ४८.

मामांनी घरी फोन लावला.

“वाटीला धार नाही,” ते म्हणाले.

“मग लावा. बावीस वर्षं तिथे काय करता?”

“ती इथे लागत नाही. नवी मागवावी लागते. साहेब शनिवारपासून रजेवर. बोललो तर तीन आठवडे पुढे जाईल.”

“आणि नाही बोललात तर?”

“होऊनही जाईल नीट. कदाचित.”

“कदाचित म्हणे. बोला जाऊन. पण संध्याकाळी माझ्याशी बोलायला येऊ नका.”

मामा वाटी आणि ठोकळा ट्रेमध्ये ठेवून वर गेले. सर्जन थिएटरबाहेर चहा पीत होते, शेजारी थिएटरच्या सिस्टर. सर्जननी वाटी ठोकळ्यावर दाबून फिरवली. ती घसरली.

“मला हाताला जड जात होतंच,” ते म्हणाले. “वाटलं, पेशंटचं हाड टणक असेल. कधीपासून?”

“दोन महिने. लिहीत होतो ना, साहेब.”

“कुठे?”

“पट्टीवर.”

सिस्टरांनी कप खाली ठेवला. “मामा, ती पट्टी वरच्या कापडाबरोबर बादलीत जाते हो. आम्ही हात धुऊन उभे असतो, बाहेरच्या कापडाला शिवत नाही. आमच्यापर्यंत येतं ते आतलं कापड.”

मामांना बावीस वर्षांत थिएटरमध्ये ट्रे उघडताना बघायची वेळ कधी आली नव्हती.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. बायको दोन दिवस अबोला धरून बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “हॉस्पिटलात ऐंशी भांडी घासता, घरी एक कप विसळवत नाही,” तेव्हा मामा समजले, मिटलं. तीन आठवड्यांनी नवी वाटी आली आणि तिचा खुबा बदलला. आता ती वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते आणि वॉकरच्या रंगाला नावं ठेवते.

खालच्या खोलीत भिंतीवर थिएटरचा फोन नंबर चिकटवला आहे. मामांनी मात्र जुन्या याद्या काढून बघितल्या. त्या दोन महिन्यांत नऊ खुबे झाले होते. मोठ्या मापाच्या माणसाला अठ्ठेचाळीस नुसती वाटेत लागते, पुढच्या वाट्या तिचं काम निस्तरतात. लहान मापाच्याला तीच शेवटची. याद्यांवर फक्त अंदाज असतो. खरं माप वरच्या फायलींत. सर्जनना त्यांनी दोनदा विचारलं. “बघून सांगतो,” ते दोन्ही वेळा म्हणाले.

परवा लिफ्टमध्ये सर्जनशी गाठ पडली तेव्हा मामांनी तिसऱ्यांदा विचारलं : त्या नऊ जणांत अठ्ठेचाळीस शेवटची किती जणांना लागली, आणि ते आज कसे चालतात?