बाजाराचा वार

समोर ठेवलेलं चकचकीत माहितीपत्रक काकू एका बोटाने माझ्याकडे परत सरकवायच्या. ताटातला नको असलेला पदार्थ बाजूला सारावा, तसं. उचलणं नाही, उलटून बघणं नाही.

"हे नको. मला काय हवं ते विचार."

नई सडकवर माझं सहलींचं दुकान आहे. विमानाची तिकिटं, व्हिसा, हॉटेल, सगळं. आमचे पूर्वज म्हणे दख्खनहून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. मी खुर्चीवर बसून लोकांना सिंगापूरला पाठवतो. तुम्ही कधी अशा दुकानात तासभर बसून बघा. लोक येतात, शेजारी कुठे जाऊन आला ते सांगतात आणि त्याच्यापेक्षा एक देश जास्त मागतात. मला काय हवं ते विचार, असं म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. म्हणून विचारलं.

"छोटं गाव हवं," काकू म्हणाल्या. "इतकं छोटं की तुझ्या या कागदावर त्याचा फोटो नसेल. आणि तिथे रस्त्यावर भरणारा बाजार. जमिनीवर कापड अंथरून बसतात ना, तसला. काचेच्या दुकानांत मला नाही जायचं."

"पण काकू, इतक्या लांब जायचं आणि हा फोटोतला टॉवर नाही बघायचा?"

"टॉवर काय पळून चाललाय? बघू दे ना दुसऱ्यांना."

काकू थाटीपुरला राहायच्या. सरकारी कचेरीत तीस वर्षं त्यांनी साहेब लोकांच्या दौऱ्यांचे आदेश टाइप केले, आणि स्वतः आग्र्याच्या पुढे गेल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर बंगळुरूच्या मुलाने परदेशाची सहल भेट दिली. त्याने सात देश, दहा दिवस असलं पॅकेज निवडून माझ्याकडे पाठवलं होतं. तेच काकूंनी बोटाने परत केलं.

"संक्रांतीची वाणं घ्यायची आहेत मला," त्या म्हणाल्या. "चाळीस."

माझी नजर त्यांच्या मोकळ्या कपाळावर गेली. लाज वाटते सांगायला, पण गेली. त्यांनीही ते बघितलं.

"बघितलंस? मग आता ऐक. हे जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कॉलनीतल्या बाया मला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. बाया वाईट नाहीत हं. गूळपोळ्या माझ्याकडूनच करून नेतात, डबे भरभरून. फक्त बोलवत नाहीत. तर यंदा मीच बोलावणार. माझ्या घरी, माझ्या हाताने कुंकू लावणार, आणि वाण असं देणार की कोणाच्या घरात त्याच्यासारखं दुसरं नसेल."

मी म्हटलं, वाणं तर इथेही मिळतील, बाड्यावरच्या बाजारात काय कमी आहे?

"इथे मला सगळे ओळखतात रे. बांगडीवाला आधी लांबून हाक मारायचा. आता नुसता नमस्ते करतो, माल दाखवत नाही. जिथे मला कोणी ओळखत नाही, तिथला बाजारवाला विचारेल ना, काय हवं म्हणून?"

त्या वेळी मला माझी आई आठवायला हवी होती. गोरखीला आमच्या घरी दर संक्रांतीला ती स्वयंपाकघरात बसून तिळगुळाच्या पुड्या बांधते, आणि बाहेर बायको हळदीकुंकू करते. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी त्या पुड्या पाहतोय. पण नाही आठवली.

व्हिएतनामच्या उत्तरेला, डोंगरातलं एक गाव निघालं. त्याचं नाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, काकूंना दुसऱ्या दिवशी आलं. मुलाला काही ते पटलं नाही. शेवटी तडजोड अशी झाली की सोमवार ते गुरुवार गाव, आणि मग दोन दिवस समुद्रातली मोठी बोट. बोटीचे फोटो नातेवाइकांना दाखवण्यासारखे असतात.

तिकिटं हातात घेताना काकूंनी विचारलं, "वार बघितलास का?"

"हो हो, काकू."

खोटं. मी काही बघितलं नव्हतं. नई सडकवर दुकान असलेल्या माणसाला बाजार म्हणजे काय? रोज उघडा, आठवड्यातून एक दिवस बंद. सोमवार ते गुरुवार हॉटेलं रिकामी असतात, म्हणून मी ते दिवस धरले. खेड्यातला हाट आठवड्यातून एकदाच भरतो हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणी आजोळी पाहिलाच होता. पण परदेश म्हटलं की आपली अक्कल घरीच राहते.

मंगळवारी सकाळी काकूंचा फोन.

"मैदान आहे. बाजार नाही. एक कुत्रं बसलंय."

मी त्यांच्या तिकिटांची फाइल उघडली.

"इथला बाजार इतवारी भरतो," त्या म्हणाल्या. "हॉटेलच्या बाईने कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. तू वार बघितला होतास?"

"नाही, काकू." दुसरं काय बोलणार होतो?

"बरं झालं खरं बोललास. मी इथेच थांबते."

"पण शुक्रवारी बोट आहे! मोठी बोट आहे, काकू, जेवण, गाणी..."

"बोटीत मला काय हवं ते कोण विचारणार? सोड ती बोट. इतवारी बाजार करते, संध्याकाळच्या बसने निघते, सोमवारचं विमान तेच ठेव." फोन बंद.

दहा मिनिटांत मुलाचा फोन. बिचारा तावातावाने बोलत होता. "भैया, तुम्ही मम्मीला समजवा ना! मी सगळ्यांना सांगून बसलोय की ती क्रूझवर जातेय. और वो अकेली किसी गाँव में बैठी है!"

मी काकूंना परत फोन लावला, मुलगा काळजीत आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, आई लसूण सोलतेय. हॉटेलच्या बाईला मेतकूट-भात खाऊ घातला, तर ती रडायला लागली. आवडला की तिखट लागला, ते अजून कळलं नाही."

पाच दिवस काकू तिथे बसून राहिल्या. एकसष्ट वर्षांच्या, भाषा येत नाही, शाकाहारी. पाच दिवस मी दुकानात बसून स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी फोटो आला. एकच. रस्त्यावर निळ्या कापडावर ढीगभर भरतकामाचे बटवे, आणि एका म्हातारीचे पसरलेले दोन्ही हात. खाली काकूंनी लिहिलं होतं, "हिने विचारलं."

संक्रांतीच्या आधी काकू स्वतः गोरखीला आल्या, आईला बोलावणं द्यायला. आई दाराआड उभी राहिली. "अहो, मी कशी येऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक बोलतीलच. तोंडं आहेत त्यांना. तुम्ही या."

आई गेली नाही. चाळीस बायकांना बोलावणं होतं, अकरा आल्या. हे मला बायकोने सांगितलं, ती त्या अकरांत होती. गूळपोळ्या नेणाऱ्यांपैकी एकच आली म्हणे. मला इतका राग आला की विचारू नका. मी दुसऱ्या दिवशी काकूंचं सांत्वन करायला निघणार, तर काकूच रिक्षातून आमच्या दारात. मांडीवर पिशवी, पिशवीत उरलेले बटवे.

"आल्या नाहीत म्हणून काय झालं? त्यांच्या नावाने आणलंय, ते घरी ठेवून काय करू? सकाळपासून घरोघर देत फिरतेय. एकीने दार नाही उघडलं, तिच्या कडीला अडकवून आले."

मग त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आई पुड्यांचा दोरा गुंडाळत होती. काकूंनी काही न विचारता तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात बटवा ठेवला. आईचा हात पुसायला वर गेला. अर्ध्यावरच थांबला. मग तिने पुढे होऊन काकूंच्या कपाळाला कुंकू लावलं. मी दारात उभा होतो, मला बघवेना, आणि तिथून हलवेनाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी काकू वारल्या. झोपेतच. पुढच्या बाजाराचं ठरलं होतं, जॉर्जियातलं गाव, आणि या वेळी मी वार तीनदा बघितला होता. पासपोर्ट माझ्याकडेच राहिला होता. मुलगा तो न्यायला आला, काकूंच्या खुर्चीवर बसला आणि पासपोर्टची पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "बोटीचं ती कधी बोलली होती का?" मी म्हटलं, नाही. फार चांगला मुलगा आहे तो. पण तिला काय हवं ते त्यानेही कधी विचारलं नव्हतं, आणि मी तरी कोणाला विचारलं होतं?

परवा दुपारी आई दुकानात आली. आयुष्यात पहिल्यांदा. गोरखीहून पायी. कमरेला तो बटवा खोचलेला. काकूंच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पासपोर्ट किती दिवसांत होतो रे?"

मी गडबडलो. हाताशी आलं ते काशी-प्रयागचं माहितीपत्रक तिच्यापुढे ठेवलं. तिने ते एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं.

"हे नको," आई म्हणाली. "आणि आधी वार बघ."