आत्यासाठी एक खिळा

आत्या गेल्याचं आम्हाला टीव्हीने सांगितलं. सख्ख्या भावाची मुलं आम्ही, अन् खाली सरकणाऱ्या पट्टीत वाचतोय, 'खाष्ट सासू रंगवणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचं निधन'... परतवाड्याला, तिनेच बांधलेल्या वसतिगृहात, पोरींच्या गराड्यात ती गेली होती.

अमरावतीला कॉलेजात तिला नाटकाचा नाद लागला. तिथून ती सिनेमात गेली आणि आजोबांनी अकोल्याच्या घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले. पुढे सगळं निवळलं म्हणायचं. कमाई तिने मेळघाटातल्या मुलींच्या शिक्षणात ओतली, आणि लग्नाकार्यांत 'ती नटी आमची आत्या' म्हणून मिरवलो आम्ही! भिंतीवर मात्र तिला कुणी परत आणलं नाही. घरी आली की दिवाणखान्यातल्या आजोबांच्या, बाबांच्या तसबिरी बघून म्हणायची, "माह्यासाठी एक खिळा ठोकून ठेवा रे बाप्पा. मेल्यावर तरी लावसान!" आम्ही खो खो हसायचो. काय होतं हो त्यात हसण्यासारखं?

तेरवीला हार घालायला फोटो हवा, तर घरात एकही निघेना. शेवटी भावाने इंटरनेटवरून काढून मोठा करून आणला. नाकात भली थोरली नथ, डोळे वटारलेले... सिनेमातली सासू! आम्ही तिलाच हार घातला, उदबत्ती लावली, पाया पडलो.

दुपारी परतवाड्याहून जीप करून वसतिगृहातल्या पोरी आल्या. एक जण फोटोपाशी थबकली. "ताई, ह्या कोन होत? आमच्या आत्याचा फोटो कुठं हाये?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिने आपला मोबाइल पुढे केला. पायरीवर बसून कुणाची तरी वेणी घालणारी आत्या, कवळी काढून ठेवलेली, बोळकं पसरून हसतेय. "आमी तर त्याईले असंच पाह्यलं," पोरगी म्हणाली. ते बोळकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ती कवळी लावून, चांगली साडी नेसून यायची... पाहुण्यासारखी.

निघताना पोरीने सहज विचारलं, "तुमी त्याईच्या कोन लागता?" भाची म्हणायला तोंड उघडलं, अन् म्हटलं, "तो फोटो मला पाठवशील?"

तिने लगेच पाठवला. फ्रेम केली, खिळाही मीच ठोकला. आता बाबांच्या शेजारी आत्या बिनदाताची हसत असते. येणारे-जाणारे म्हणतात, किती गोड फोटो आहे! मी मान खाली घालून चहा ठेवते आणि आत निघून येते.