घर सुनंदाचं, मेसेज नवऱ्याला

मैत्रिणींनो, आत्ताच बँकेतून आले. राग अजून उतरलेला नाही, तरी ऐका.

आमच्या सिडकोतली सुनंदा सातपूरच्या कामगारांना डबे पुरवते. काल तिच्या दारावर बँकेची नोटीस लागली: थकलेले हप्ते भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून नवऱ्याने घर आणि कर्ज तिच्या नावावर घेतलं. "हप्ते मी बघतो," म्हणाला, आणि नोकरी गेल्यावर हप्ते थांबले तरी तिला सांगितलं नाही.

आज मी तिच्यासोबत बँकेत गेले. कर्जाचे साहेब तिला म्हणाले, "मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो."

"घर कुणाचं आहे?" मी विचारलं.

"ह्यांचंच. पण मॅडम, आम्ही किती मेसेज पाठवले!"

"कुणाच्या नंबरवर?"

साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. नंबर नवऱ्याचा होता.

सुनंदाने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, लय झालं मिस्टर मिस्टर. घर माझं हाय, माझ्याशी बोला. डब्याच्या पैशातून थोडं थोडं फेडते."

साहेबांनी तिचा अर्ज घेतला, मुदतही दिली. मग तिने नंबर बदलायला लावला. तिथेच तिचा फोन वाजला. तो मला दाखवत म्हणाली, "मॅडम, घराचा पहिला मेसेज मला आला!"

इतकी वर्षं वकिली केली. कायदा बाईला मालकीण करतो, आणि आपण तिचं नाव सवलतीपुरतं वापरतो.

तुमच्या घरकर्जाचे मेसेज कुणाच्या फोनवर येतात? आज रात्री बघा. घर तुमच्या नावावर असून नवऱ्याच्या फोनवर येत असतील, तर उद्या बँकेत जा. सोबत हवी असेल तर मी येते.