पाच दिवसांची बाटली

दुबलगुंडीहून सकाळची बस धरली तेव्हा शिवारात तुरीची रास चालू होती. बायका तोंडाला पदर बांधून मळणीयंत्रापाशी उभ्या होत्या. मी खिडकी लावली, पर्समधली नाकाची बाटली काढली आणि दोन-दोन फवारे मारले. मग कुठं श्वास आत गेला. तीन वर्षं माझा प्रत्येक प्रवास असाच सुरू होतो. या वेळी निघाले होते कलबुर्गीला, नाकाच्या डॉक्टरकडे. कारण आता फवारा दोन तासही टिकत नव्हता.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. गल्लीत कुणाला गोळ्या मिळाल्या की पाकीट घेऊन आमच्या ओट्यावर येतात, "ताई, कवा घ्यायचं, वाच की." मी वाचते. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

हुमनाबादला बस थांबली. बाटली हलवून पाहिली, रिकामी. उतरून औषधाच्या दुकानाकडे पळाले. दुकानदारानं रिकामी बाटली पाहिली आणि काही न विचारता नवी पुढं केली. परत येईतो बस गेलेली. बाकावरची म्हातारी हसली, "नाकासाठी गाडी सोडलीस व्हय? आमचा म्हातारा बिडीसाठी सोडायचा." राग आला, कारण ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या बसनं कमलापूर आलं. रस्त्याकडेला लाल केळ्यांचे घड टांगलेले. शेजारी बसलेल्या अक्कानं (थोरल्या बाईला इकडं अक्का म्हणतात) एक सोलून दिलं. "वास बघ, कसा घमघमायलाय!" मी हं म्हटलं. तोंडात ओला कापूस चावल्यासारखं वाटलं.

कलबुर्गीत डॉक्टरीणबाईंनी नाकात उजेड टाकून पाहिलं.

"एष्टु वर्ष?" (किती वर्षं?)

"तीन."

त्यांनी बॅटरी खाली ठेवली आणि मराठीत सुरू केलं. "तुमची सर्दी कधीच गेली. आता नाक बंद होतंय ते ह्या बाटलीनं. औषध उतरलं की आतली सूज परत चढते, तुम्ही परत मारता."

"दुकानदारानं सांगितलं नाही."

"खोक्यावर लिहिलंय." त्यांनी माझंच नवं खोकं पुढं सरकवलं. बारीक इंग्रजी अक्षरं होती. पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. रक्तदाब असेल तर डॉक्टरला विचारावं. "शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग विचारलं, "घरात आणखी कोण वापरतं?"

माय. राशीच्या धुळीनं तिचं नाक चोंदलं म्हणून गेल्या वर्षी मीच बाटली दिली होती. तिला बीपी आहे.

"आजच बंद करा. उद्या त्यांचा बीपी तपासा." मला दुसरा फवारा लिहून दिला, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. "पहिले काही दिवस कठीण जातील. परत बाटलीला हात लावू नका."

दिवस कलताना गावात उतरले. माय ओट्यावर तोंड उघडं टाकून बसली होती. शेजारी गल्लीतली शांताक्का, हातात गोळ्यांचं पाकीट.

"आणलीस का गं बाटली? माझी सरली," मायनं विचारलं.

मी खोकं काढलं आणि मराठीत मोठ्यानं वाचलं. मायनं खोकं हातात घेतलं.

"मग मला देताना काय वाचलतीस?"

"वाचलं न्हाई."

"कामून?"

का वाचलं नाही, ते मलाही त्या दिवशीच कळलं होतं. लोकांची खोकी वाचायला मी शिकले होते. माझ्या खोक्यावर मला ठाऊक नसलेलं काही असेल, हे मनातच आलं नव्हतं.

शांताक्कानं पाकीट पदराखाली घेतलं. "येते गं," म्हणाली आणि उठली. मी तिला थांबवलं नाही. सकाळी मायला घेऊन बीपी तपासायला चिटगुप्प्याला जायचं होतं. आम्ही दोघी तोंडानं श्वास घेत ओट्यावर बसून राहिलो.